ओपनसिममध्ये धाब्याचं घर: दारातून आत जाता येत नाही, खोल्या कोंदट वाटतात. मापं वाढवावीत का?

तापीकाठ_तिसरं_वर्ष
आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाचा पाच जणांचा गट आहे. पारोळा तालुक्यातल्या (जळगाव जिल्हा) एका गावातली धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांची जुनी गल्ली टेप लावून मोजली आहे आणि ती ओपनसिम्युलेटरच्या (ओपनसिम, आपल्याच सर्व्हरवर चालवता येणारं त्रिमितीय आभासी जग) एका रीजनवर (तिथली २५६ × २५६ मी. जमीन) उभी करायची आहे. परीक्षक त्या गल्लीतून चालत जाणार आहेत. मॉडेल ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या जगात फिरायला फायरस्टॉर्म हा व्ह्यूअर, सर्व्हर लॅबमधल्या एका मशीनवर स्टँडअलोन (सगळं त्याच मशीनवर). मशीनना वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

पहिल्या घराची मापं: खण (छताची एक कडी, म्हणजे आडवं लाकूड, पेलते ती रुंदी) १.६५ मी., खोली तीन खणांची, खोलपण ३.३ मी., मातीची भिंत ६० सेंमी, कडीखाली उंची २.४ मी., दाराची मोकळी उंची १.६८ मी.

दार उघडं दिसतं, पण अवतार (पडद्यावरची आपली आकृती) तिथेच धडकतो. कसंबसं आत नेलं तर कॅमेरा मागच्या भिंतीत घुसतो आणि खोली दिसतच नाही. लांबून पाहिलं की घराच्या जागी फाटके त्रिकोण उरतात. गटातल्या दोघांचं मत आहे की सगळं दीडपट करावं. तसं केलं तर चालेल का?

कडीपाट
आधी दाराचं बघू. ब्लेंडरमधून आणलेल्या मेशला (त्रिकोणांनी बनलेल्या मॉडेलला) टक्कर मोजण्यासाठी आपोआप 'कॉन्व्हेक्स हल' हा आकार मिळतो. बाजेला चादर घट्ट गुंडाळली की पायांमधली पोकळी झाकली जाते, तसंच हे. डोळ्यांना दार दिसतं, सर्व्हरला सलग ठोकळा दिसतो. वस्तू निवडा, एडिट, फीचर्स, आणि फिजिक्स शेप टाइप 'प्रिम' करा. तेवढ्याने काम अर्धंच होतं. अपलोडच्या वेळी फिजिक्सच्या टॅबमध्ये वेगळं साधं मॉडेल द्या. दाराच्या भिंतीसाठी तीन खोके पुरतात: डावीकडचा, उजवीकडचा आणि दारावरचा. कोनाडे, देवळ्या, चौकटीची नक्षी या मॉडेलमध्ये घेऊ नका. तिथे कोणी धडकायला जात नाही आणि सर्व्हरवर फुकटचा भार पडतो.

यानंतरही १.६८ च्या दारात अवतार अडेल. खऱ्या घरात माणूस वाकून आत जातो, अवताराला तसं जाता येत नाही. म्हणून दार उंच करू नका. दारावरचा पट्टा वेगळा तुकडा ठेवा, घराला लिंक करा (जोडा) आणि त्याचा शेप टाइप 'नन' करा. पट्टा दिसतो तसाच राहील, डोकं आरपार जाईल. लिंक करताना हा तुकडा रूट (जोडलेल्यांतला मुख्य तुकडा) होऊ देऊ नका, रूटला 'नन' लावता येत नाही. शेवटी निवडलेला तुकडा रूट होतो, तेव्हा जोतं शेवटी निवडा.

उंबरा आणि जोत्याच्या पायऱ्यांवरही अडखळेल. पायऱ्यांवर पूर्ण पारदर्शक तिरकी फळी टाका. चालणं सरळ होतं आणि पायऱ्यांची मापं तशीच राहतात.

जोतं_ते_धाबं
दीडपट मुळीच करू नका. दुकानं किंवा सभागृह बांधणारे लोक त्या जगात खोल्या मोठ्या करतात, त्यांचं त्यांना जमतं. तुम्ही मोजलेलं घर मांडताय. धाब्याच्या घरात खोलीची रुंदी लाकडाने ठरवलेली असते. कडी जेवढी पेलते तेवढाच खण, आणि खणांवरून घर सांगायचं: तीन खणी, पाच खणी. दीडपट केलं की १.६५ चा खण २.४७५ होतो, १२ सेंमीची कडी १८ ची होते आणि ६० ची भिंत ९० ची. असं घर गावात कुठेच नाही. परीक्षकांनी 'हा खण एवढाच का' असं विचारलं तर उत्तर द्यायला तुमच्या मॉडेलमध्ये काही उरणार नाही.

बदलायचं आहे ते अवतार आणि कॅमेरा. बरेच तयार अवतार दोन मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच असतात. आधी १.६५ मी. उंचीचा एक प्रिम (तिथलाच साधा ठोकळा) खांबासारखा उभा करा, अवतार शेजारी उभा करून शेपमधली (अवताराच्या शरीराच्या मापांमधली) उंची त्याच्याशी जुळवा. पाचही जणांनी आणि परीक्षकांसाठीच्या अवतारानेही हीच उंची ठेवा.

कॅमेरा मुळात अवताराच्या ३ मी. मागे आणि जरा वर असतो. ३.३ मी. खोलीत तो भिंतीतच जाणार. अ‍ॅडव्हान्स्ड मेनूतल्या डीबग सेटिंग्जमध्ये 'कॅमेराऑफसेटरिअरव्ह्यू' शोधा. एक्स (मागचं अंतर) उणे ३ आहे तो उणे २ च्या आसपास आणा, झेड (उंची) ०.७५ आहे तो शून्याजवळ न्या. ही सेटिंग ज्या त्या मशीनवर असते, सर्व्हरवर नाही. परीक्षक ज्या मशीनवर बसतील तिथे आठवणीने करा. घराच्या आत तर एम दाबून माउसलुकमध्येच (अवताराच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या दृश्यात) फिरवा. ओसरीच्या उजेडातून आतल्या अंधाऱ्या खोलीत गेल्यावर जे जाणवतं, ते खांद्यामागच्या कॅमेऱ्यातून कधीच जाणवत नाही.

पांढरी_माती
त्रिकोण पडतात ते एलओडीमुळे, म्हणजे लांबून पाहताना मॉडेलचे कमी तपशिलाचे नमुने वापरले जातात त्यामुळे. अपलोडरने लांबच्या पातळ्या आपोआप खूप कमी केल्या आहेत. सर्वांत खालच्या पातळीसाठी स्वतःचं मॉडेल द्या, १२ त्रिकोणांचा बंद खोका पुरतो. लांबून घर ठोकळा दिसेल, फाटणार तरी नाही.

आता छत. कड्या ४० सेंमीवर धरल्या तर ३.३ मी. खोलपणात एका खणाला दोन्ही टोकं धरून ९ कड्या बसतात. तीन खणांना २७. गल्लीतली सगळी घरं धरली की कड्यांचाच ढीग होतो. एका खणाचं छत, म्हणजे ९ कड्या आणि वरच्या फळ्या, एकच मेश करा आणि तेच पुन्हा पुन्हा वापरा. एकच मेश प्रत्येकाच्या मशीनवर एकदाच उतरतं. एक कडी मात्र जरा वाकडी, एक जरा जाड अशी ठेवा, आणि एकाआड एक खणात तो तुकडा १८० अंशांनी फिरवून लावा. नाहीतर छत कारखान्यातून आल्यासारखं दिसतं. फळ्यांवरचा पाला, चिखल आणि पांढऱ्या मातीचा थर आतून दिसत नाही, पण छताच्या कडेला दिसतो. तिथे जाडी खरी दाखवा आणि पन्हाळीकडे उतार द्या. सपाट पातळ स्लॅब टाकलात की ते धाबं राहत नाही.

मातीच्या भिंतीचा फोटो सकाळी ऊन भिंतीवर यायच्या आत काढा. उन्हातल्या फोटोत सावल्या छापल्या जातात आणि मग दर दोन मीटरवर तीच सावली दिसते. टेक्स्चर (मॉडेलवर चिकटवायचं चित्र) ५१२ × ५१२ पिक्सेलचं पुरे. १०२४ चं एक चित्र मेमरीत ४ एमबी घेतं, ५१२ चं १ एमबी. तुमच्या मशीनवर हा फरक लगेच कळेल.

दोन पृष्ठभाग एकाच पातळीत आले की ते लखलखतात. सारवलेली जमीन जोत्याच्या वर १ सेंमी उचला.

ब्लेंडर ४.५ च ठेवा. मॉडेल ज्या कोलाडा स्वरूपाच्या फाइलमध्ये निर्यात करायचं, ते ५.० मधून काढून टाकलं आहे. निर्यातीआधी स्केल अप्लाय करायला विसरू नका, नाहीतर १.६५ चा खण भलत्याच मापाने उतरतो.

तापीकाठ_तिसरं_वर्ष
दार आणि कॅमेरा जमलं, खूप आभार. मापं आहेत तशीच ठेवतोय. आणखी दोन गोष्टी. सर्व्हरच्या मशीनवरून लॉगिन होतं, बाकीच्या मशीनवरून अडकतं. आणि ओसरीतलं ऊन दाखवायला तिथला सूर्य चालेल का?

कडीपाट
रीजनच्या फाइलमध्ये एक्स्टर्नल होस्टनेम आणि मुख्य फाइलमध्ये बेस होस्टनेम १२७.०.०.१ राहिलं असणार. त्याचा अर्थ 'हेच मशीन', म्हणून दुसरं मशीन स्वतःलाच शोधत बसतं. दोन्ही ठिकाणी सर्व्हरचा लॅबमधला आयपी टाका, तो कायमचा ठरवून घ्या आणि फायरवॉलमध्ये पोर्ट ९००० टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडा. यूडीपी राहिलं तर नाव-पासवर्ड चालतं आणि पुढे अडतं.

एकाने बांधलेलं दुसऱ्याला हलवता येत नसेल तर एकमेकांना मित्रयादीत घेऊन वस्तू बदलायचा हक्क द्या.

जोतं_ते_धाबं
ऊन तिथे तपासू नका. तिथला दिवस म्हणजे ठरावीक आकाशांचा क्रम असतो, अक्षांश-तारखेशी त्याचा संबंध नाही. ब्लेंडरमध्ये सन पोझिशन अ‍ॅड-ऑन लावून जळगावचा अक्षांश, २१ अंश उत्तर, तिथला रेखांश आणि वेळेचा फरक साडेपाच तास द्या. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य सुमारे ४५.५ अंशांवर असतो. घर दक्षिणमुखी असेल तर २.४ मी. उंच वळचणीखालून ऊन साधारण २.३५ मी. आत येतं, म्हणजे थंडीत ओसरी उन्हात असते. जूनमध्ये तोच सूर्य माथ्यावरून जरासा उत्तरेकडे झुकलेला असतो, दक्षिणेच्या भिंतीला ऊन लागतच नाही. तेव्हा तापतं ते छत आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंती. जाड धाब्याचं कारण परीक्षकांना तिथे दाखवा. दोन्ही तारखांची चित्रं छापून सोबत ठेवा.

पांढरी_माती
सर्व्हर यूपीएसवर ठेवा आणि रोज काम संपताना सर्व्हरच्या कन्सोलवर 'सेव्ह ओएआर' करा (ओएआर म्हणजे अख्ख्या रीजनची प्रत असलेली फाइल), फाइलच्या नावात तारीख टाकून. वीज गेली की डेटाबेस अर्धवट राहू शकतो. परत चढवताना जपून: 'लोड ओएआर' आधीचं सगळं पुसून टाकतं. दोघांचं काम एकत्र करायचं असेल तर सोबत मर्जचा पर्याय द्यावाच लागतो.