मदत हवी: गुळाचा चहा फुटतोय, उद्या ऑर्डर आहे

नाक्यावरचा चहा
साताऱ्यात पोवई नाक्याजवळ गाडा आहे. गुळाचा चहा फुटतोय, साखरेचा फुटत नाही. उद्या सकाळी दहाला दोनशे कपांची ऑर्डर आहे आणि त्यांना गुळाचाच पाहिजे. काय करू? लवकर सांगा. गुळाचे फायदे सांगू नका, ते बोर्डावर मीच लिहिलेत.

कृष्णाकाठ (सांगली)
दूध कुठलं, पिशवीचं की सुट्टं? गूळ आधी टाकता की दूध घातल्यावर? आलं घालता का?

नाक्यावरचा चहा
दूध चांगलं आहे. गूळ नेहमीचाच. चहा सगळे करतात तसाच करतो.

कृष्णाकाठ (सांगली)
दादा, सगळे करतात तसा केला असता तर फुटला नसता की. नीट सांगा.

निसर्गमित्र
एकच कारण, केमिकल. पिवळाधमक गूळ म्हणजे हायड्रोस मारलेला. काळा सेंद्रिय गूळ आणा, आयुष्यात चहा फुटणार नाही. आमच्या घरी कधी फुटला नाही.

गुऱ्हाळवाला (कराड)
हायड्रोस रंगासाठी मारतात आणि ते वाईटच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण चहा फुटल्याचं खापर त्याच्या डोक्यावर नको. उसाचा रस मुळातच आंबूस असतो, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) सव्वापाच-साडेपाच. काहिलीत रस चढवला की आम्ही चुन्याची निवळी घालतो. त्याने आंबटपणा मरतो आणि मळी वर यायला मदत होते. मळी धरायला रानभेंडीचा चीक. चुन्यात हात आखडला की गूळ आंबटच राहतो, आणि काळ्या गुळाच्या नादात बरेच जण तोच आखडतात. साहेब, तुमच्या सल्ल्याने गूळ बदलला तर याचा चहा एखादवेळी जास्तच फुटेल.

निसर्गमित्र
म्हणजे तुम्ही चुना खाऊ घालताय लोकांना.

गुऱ्हाळवाला (कराड)
पानाला लावून तुम्हीही खाता. बरं, नाक्यावरचे दादा, ढेपेला पाणी सुटलंय का? हंगाम संपून महिने झाले, आता मिळतो तो साठवणीचा गूळ. पावसाळ्यात ढेप उघडी राहिली की हवेतली ओल ओढते, पाघळते आणि आतून आंबायला लागते. वास घ्या. काकवीसारखा गोड वास आला तर ठीक, ताडीसारखा आला तर ती ढेप चहाला नको.

नाक्यावरचा चहा
जरा ओलसर आहे. पावसाळ्यात सगळाच असतो. वास गुळाचाच येतोय.

भौतिकवेडा
एक मुद्दा कुणीच मांडला नाही. सातारा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. म्हणजे तुमच्याकडे पाणी साडेसत्याण्णवला उकळतं, महाबळेश्वरला त्याहून खाली.

कृष्णाकाठ (सांगली)
त्याचा फुटण्याशी संबंध? मग साखरेचा का फुटत नाही?

भौतिकवेडा
संबंध आहे असं मी म्हटलं नाही. माहिती दिली.

डेअरीवाली (मिरज)
मी दूध संकलनावर काम करते. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे बारीक कण एकमेकांना दूर ढकलत असतात म्हणून ते तरंगत राहतात. आंबटपणा वाढला की हे ढकलणं कमी होतं आणि कण एकमेकांना चिकटतात. ताज्या दुधाचा पीएच 6.6 ते 6.8. थंड दुधात कण पुरते एकत्र यायला तो 4.6 पर्यंत उतरावा लागतो, दही लागतं ते तिथेच. पण उकळी असली की इतकं खाली जावं लागत नाही, बरंच आधी फुटतं. म्हणून आम्ही सीओबी घेतो, म्हणजे नळीत थोडं दूध घालून ती उकळत्या पाण्यात धरायची. ताज्या दुधाची आम्लता 0.13 ते 0.16 टक्के असते. 0.2 च्या वर गेलेलं दूध चवीला धड आंबटही लागत नाही, पण नळीत फुटतं.

साखर दुधाला काही करत नाही. गुळाचं पाणी मात्र आम्लधर्मी, पीएच 5 ते 6. वर गुळात क्षारही असतात. दूध काठावर आलं असेल तर गूळ त्याला पलीकडे ढकलतो. दूध किती वाजता येतं आणि चहा किती वाजता फुटतो?

नाक्यावरचा चहा
दूध पहाटे साडेपाचला. सकाळच्या खेपेला फुटत नाहीच. चारनंतर फुटतो.

कृष्णाकाठ (सांगली)
अहो मालक! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

नाक्यावरचा चहा
चहा दुपारीच जास्त खपतो, म्हणून दुपारचंच डोक्यात होतं.

आल्याचा_रस
माझ्या मते आलं. आल्यात झिंजिबेन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं. दक्षिण चीनमध्ये आल्याच्या रसावर गरम दूध ओततात आणि त्याची वडी पडावी तसं ते घट्ट बसतं, लोक चमच्याने खातात. तुमच्या चहाचं तेच होतंय.

डेअरीवाली (मिरज)
ते दूध सत्तर अंशांच्या आसपास असतं. उकळत्या पाण्यात विकर टिकत नाही. आलं आधी पाण्यात उकळलं असेल तर त्याचा काही दोष नाही. उतरवलेल्या चहात कच्चं किसून टाकत असाल तर बोलू.

नाक्यावरचा चहा
आलं ठेचून पाण्यातच. साखरेच्या चहातही तेच आलं आहे.

आल्याचा_रस
तरी एकदा बिनआल्याचा करून बघा.

अण्णा_सांगलीकर
इतकी चर्चा कशाला? दुधात चिमूटभर खायचा सोडा घाला. आम्ही पूर्वी कॅन्टीन चालवायचो, उन्हाळ्यात हेच करायचो. एक थेंब फुटायचं नाही.

डेअरीवाली (मिरज)
अण्णा, हे करू नका आणि सांगूही नका. सोड्याने आम्लता झाकली जाते, दूध शिळं ते शिळंच राहतं. विकायच्या दुधात असं काही घालणं म्हणजे कायद्याने भेसळ. आमच्याकडे कॅनमध्ये सोडा सापडला तर अख्खा कॅन परत जातो.

अण्णा_सांगलीकर
मी दुधात म्हणालो खरा, चहात घाला मग. काश्मिरी लोक चहाच्या पाण्यात सोडा घालूनच उकळतात, त्यांचा गुलाबी होतो.

कृष्णाकाठ (सांगली)
त्यांची चहाची पत्ती हिरवी असते. आपल्या पावडरीत घातला तर चहा काळाकुट्ट होईल आणि साबणासारखा लागेल. दोनशे माणसं नाक्यावर येऊन विचारतील.

बारावी_सायन्स_तासगाव
अवांतर: सोड्यावरून आठवलं. लिंबू सोड्यात मीठ टाकलं की तो उसळून बाहेर येतो. आमचे सर म्हणतात मीठ आणि सोड्याची रासायनिक क्रिया होते. बरोबर का?

भौतिकवेडा
नाही. पाण्यात दाबाखाली कोंबलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला टपलेला असतो, पण बुडबुडा जन्मायला जागा लागते. मिठाच्या खडबडीत कणांवर अशा जागा मुबलक असतात. धुतलेली वाळू टाकून बघ, मिठाशिवायही उसळेल. आणि तेच मीठ आधी पाण्यात पूर्ण विरघळवून ते पाणी हलकेच ओत, उसळी अगदी थोडी येईल. सरांना दाखव.

अण्णा_सांगलीकर
गोटी सोड्यात मात्र मीठ आधीच घालायचो आम्ही, आणि ती गोटी फोडायचा आवाज... ती बाटली हिराम कॉड नावाच्या इंग्रजाची, 1872 सालचं पेटंट. आतल्या वायूनेच गोटी वर रबराला दाबून धरायची. बूच नको, काही नको.

नाक्यावरचा चहा
सोड्याचा वेगळा धागा काढा ओ. रात्रीचे नऊ वाजलेत. उद्या काय करू तेवढं सांगा.

डेअरीवाली (मिरज)
आता तीन वाट्या घ्या. पहिलीतलं नुसतं उरलेलं दूध उकळा. दुसरीत गुळाचं उकळतं पाणी आणि तेच दूध. तिसरीत तेच गुळाचं पाणी आणि आत्ता दुकानातून आणलेली ताजी पिशवी. काय होतं ते लिहा.

मधुमेह_जागृती
सर्वांना विनंती, साखरेऐवजी गूळ वापरल्याने शुगर वाढत नाही हा गैरसमज आहे. गुळातही मुख्यतः साखरच असते.

नाक्यावरचा चहा
नुसतं दूध नाही फुटलं. गूळ आणि उरलेलं दूध, लगेच कण. गूळ आणि पिशवी, नाही फुटलं, अजून तसंच आहे.

गुऱ्हाळवाला (कराड)
म्हणजे दूध एकटं तग धरतंय, गुळासमोर धरत नाही. ढेपही मधूनच फोडून घ्या. वरचा चिकट थर बाजूला काढा.

डेअरीवाली (मिरज)
उद्यासाठी: दूध आलं की लगेच एकदा खळखळून उकळा, गाड्याखाली तसंच ठेवू नका. पाण्यात आलं, चहा पावडर आणि फोडलेला गूळ एकत्र उकळा, गूळ पूर्ण विरघळू द्या, गाळा. दूध वेगळं गरम. चहा आचेवरून उतरवायचा आणि मग त्यात गरम दूध ओतायचं. त्यानंतर पुन्हा उकळी द्यायची नाही. गार दूधही नको.

नाक्यावरचा चहा
उकळी नाही तर चहा कसला? गिऱ्हाईक जाड चहा मागतं.

कृष्णाकाठ (सांगली)
मग दूध आधीच आटवून घ्या आणि चहाचं पाणी कडक करा. पावडर जरा हात सोडून.

अण्णा_सांगलीकर
आमच्या वेळी पितळी पातेलं होतं. ॲल्युमिनियमने सगळं नासवलं.

नाक्यावरचा चहा
दुसरा दिवस. ऑर्डर गेली. एकही कप फुटला नाही. थोडा पातळ लागला म्हणाले, पण सगळा संपवला. आता दुसरी भानगड. गाड्यावर ठेवायला एक थर्मास भरला होता, त्यात दीड-दोन तासांनी तळाशी रवा बसल्यासारखं दिसतंय. हे पण गुळामुळेच का?

आल्याचा_रस
आलं नीट गाळलंत का?

डेअरीवाली (मिरज)
गुळामुळेच. उतरवून दूध घातलं म्हणून लगेच फुटला नाही, इतकंच. थर्मासमध्ये चहा तासन्‌तास गरम राहतो आणि गूळ आपलं काम हळूहळू चालूच ठेवतो. थर्मासमध्ये फक्त गुळाचा कोरा चहा भरा, दूध शेजारच्या थर्मासात, कपात ओतताना मिसळा. आणि दुपारच्या खेपेला पहाटेचं दूध नको. तीनला वेगळं मागवता येतं का ते दूधवाल्याला विचारा.

नाक्यावरचा चहा
तीनला तो देत नाही. पिशवीचं घेतो मग. थर्मास आणखी एक लागेल.