कॅमेऱ्याची सॅक शिवून घ्यायचीय, मदत हवी आहे

मंडळी, मी गुहागरचा, किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे फोटो काढतो. रेडिमेड कॅमेरा बॅगा आपल्या खाऱ्या हवेत टिकतच नाहीत, चेनचा रनर हिरवा पडून जाम होतो नि फोम एकदा भिजला की वास जाता जात नाही. म्हणून इथल्याच ताडपत्री शिवणाऱ्याकडून सॅक बनवून घ्यायचं ठरवलंय.

आत कॅमेऱ्याची बॉडी, १५०-६०० मिमीची झूम लेन्स (ही एकटीच २ किलोच्या आसपास), एक वाइड लेन्स, बाजूला ट्रायपॉड. जड लेन्स पाठीला चिकटून मधोमध आणि झाकण पाठीच्या बाजूने, म्हणजे वाळूत आडवी ठेवली तरी पट्टे वर राहतात, परत खांद्यावर घेतली की शर्टाला वाळू लागत नाही. चेन मोठ्या दातांची प्लास्टिकचीच लावणार.

खरा घोळ पुढे आहे. शिलाईच्या भोकांतून पाणी येऊ नये म्हणून आतून सीम टेप मारून सगळं बंद केलं तर दमट हवा आतच कोंडते आणि लेन्सला बुरशी धरते, आणि हवा खेळती ठेवली तर जुलैतला आडवा पाऊस आत. मग कापड साधं ठेवून वरून वेगळं रेनकव्हर घालावं का? सिलिका जेलच्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवतोच पण पावसाळ्यात त्या किती पुरणार! आतले कप्पे सुटे करून घरी कोरड्या डब्यात ठेवता येतील असं कुणी केलंय का?

कप्प्यांसाठी इव्हीए फोम (पाणी न शोषणारा घट्ट फोम) चिपळूण किंवा रत्नागिरीत सुटा मिळत असेल तर प्लीज सांगा, किती जाडीचा घेऊ तेही. कुणी अशी सॅक शिवून घेतली असेल तर उघडून आतला फोटो आणि मापं नक्की टाका, टेलरला दाखवायला लागतील.