हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचं काम आणि आपला रोजचा रस्ता : अनुभव लिहा

गणेशखिंड रस्ता, बाणेर रस्ता, वाकड, हिंजवडी या पट्ट्यात जे रोज ये-जा करतात त्यांच्यासाठी हा धागा काढतेय. पुणे मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचं भूमिपूजन झालं १८ डिसेंबर २०१८ ला, प्रत्यक्ष काम लागलं २०२१ च्या शेवटी, मार्च २०२५ ची मुदत गेली, सप्टेंबर गेला, मग मार्च २०२६ म्हणाले. माण ते शिवाजीनगर न्यायालय, साधारण २३ किलोमीटर आणि २३ स्टेशनं. मेट्रो हवी की नको हा वाद इथे नको प्लीज, तो खूप झालाय. ही मधली वर्षं रस्त्यावर कशी गेली ते एका जागी लिहून ठेवूया, कारण गाडी धावायला लागली की सगळे विसरणार आणि पुढच्या मार्गाला परत पहिल्यापासून तेच होणार, खडकवासला–खराडी रांगेत आहेच. कुठला रस्ता, कोणती वेळ, काय झालं आणि काय केलं असतं तर त्रास कमी झाला असता, एवढं लिहा.

सुरुवात मीच करते. राहते औंधला, ऑफिस शिवाजीनगरला, म्हणजे विद्यापीठ चौक चुकवणं शक्यच नाही. तिथले जुने पूल २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात पाडले, तेव्हा रस्ते रिकामे होते त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही, आणि मग ऑफिसं उघडली आणि एकदम सगळी गाड्यांची गर्दी त्या मोकळ्या चौकात येऊन उभी राहिली. नवा दुमजली पूल, खाली गाड्या वर मेट्रो, कल्पना चांगलीच आहे. पण मधल्या काळात वळणं सारखी बदलत राहिली, आज इथून उजवीकडे जाता येतं, पुढच्या आठवड्यात येत नाही, आणि ते सांगणारा बोर्ड कुठे तर अगदी चौकात. तोपर्यंत तुम्ही चुकीच्या लेनमध्ये, मागे बस, बाजूला टेम्पो. तोच बोर्ड अलीकडे ब्रेमेन चौकात लावला असता तर निम्मी माणसं तिथूनच वळली असती ना! २०२५ च्या ऑगस्टमध्ये औंधकडून शिवाजीनगरला जाणारी बाजू सुरू झाली तेव्हा खरंच हायसं वाटलं, अजूनही वाटतं, फक्त उतरल्यावर पुढे परत गाड्या तुंबतात. मला वेळ जास्त लागण्यापेक्षा किती लागेल तेच सांगता न येण्याचा त्रास जास्त झाला. मुलीला घ्यायला कधी पोचेन हे मी पाळणाघराच्या काकूंना कधीच नक्की सांगू शकले नाही.

— रिक्षा, शिवाजीनगर स्टँड

ताई बरं झालं विषय काढला. आमच्याबद्दल लोक म्हणतात हे बाणेर हिंजवडीचं भाडं घेत नाहीत, माज आलाय. माज नाही ओ. मीटर पळतं किलोमीटरवर, थांबायचे पैसे धरतात पण त्यात सीएनजी पण सुटत नाही. संध्याकाळी सहाला सिमला ऑफिसवरून बाणेरकडं निघालो की रेंजहिल्सच्या कोपऱ्यापर्यंतच पॅसेंजर कंटाळतो, म्हणतो इथंच सोडा मी चालत जातो, मग तो अर्ध्या भाड्यात उतरला, मी गर्दीत अडकलेला, मागं फिरता येत नाही पुढं जाता येत नाही. दिवसभर क्लच दाबून दाबून डावा पाय रात्री ठणकतो. रात्रीचं वेगळंच, वर गर्डर टाकायचं काम असलं की रस्ता बंद, ते बरोबरच आहे, डोक्यावर काम चालू असताना खालून माणसं कशी सोडणार. पण बंद आहे हे आम्हाला तिथं गेल्यावर कळतं. स्टँडवर एक कागद चिकटवला असता आज रात्री अमुक ते अमुक बंद, तर आम्ही पॅसेंजरला आधीच सांगितलं असतं की लांबून जावं लागेल, एवढे पैसे होतील. स्टेशनला गाडी पकडायला निघालेल्या माणसाला मधेच लांबून फिरवलं की त्याला वाटतं आम्ही लुटतोय.

— बाणेर रोड, दुकान

दुकानासमोर मेट्रोच्या कामाचे आडोशाचे पत्रे लागले त्या दिवशी बाबा म्हणाले वर्षभराची गोष्ट आहे, काढू. वर्षाचं किती झालं ते आता मोजत नाही. आमचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, गिऱ्हाईक गाडी लावून दोन मिनिटात काम करून जाणारं. गाडी लावायला जागाच नाही म्हटल्यावर कोण थांबणार, शाळा सुरू व्हायच्या दिवसात जी गर्दी असायची ती ऑनलाइनवर गेली आणि ती परत येईल असं वाटत नाही. काम चालू असताना पत्रे असणार हे मान्य, आम्ही एकदाही भांडलो नाही. पण खांब उभा राहिला, खांबावरची कॅप बसली, वर सेगमेंट म्हणजे पुलाचे तयार काँक्रीटचे तुकडे चढले, काम पुढच्या खांबावर गेलं आणि आमच्यासमोरचे पत्रे तसेच उभे, आत काय तर चार गंजके बार आणि पावसाचं पाणी. ते आठ फूट रस्त्याला मिळाले असते तर एक लेन वाढली असती. भाडं मात्र मालकाने दरवर्षी वाढवलं, मेट्रो येतेय म्हणून.

एक चांगली गोष्ट पण लिहिते. मधे एक साइट इंजिनिअर होता, मराठवाड्याकडचा मुलगा, तो आदल्या दिवशी येऊन सांगायचा काकू उद्या क्रेन येणार आहे सकाळी माल मागवू नका. आमच्या ओळीतल्या सगळ्या दुकानांना त्याचा नंबर होता. तो होता तेवढे महिने आमचं कमी नुकसान झालं, म्हणजे हे करता येतं. त्याची बदली झाली आणि ते बंद पडलं.

— सकाळनगर, निवृत्त

वय ७४. गाडी चालवत नाही, त्यामुळे वाहतूक कोंडी म्हणजे माझ्यासाठी रस्ता ओलांडणे. पूर्वी दुभाजकात जागा होती, मध्ये थांबून अर्धा अर्धा रस्ता ओलांडत असे. आता दुभाजकाच्या जागी पत्र्याची भिंत आहे आणि ओलांडायला लांब चालत जावे लागते, तेही फुटपाथ उखडलेला असताना. भिंत जिथे संपते तिथून मी बाहेर पाऊल टाकतो तेव्हा येणाऱ्या दुचाकीवाल्याला मी दिसत नाही आणि मला तो दिसत नाही. दोष त्याचा नाही, माझाही नाही. कोपऱ्यावरचे शेवटचे दोन पत्रे काढून तिथे जाळी लावली तर आरपार दिसेल. मी हे लेखी कळवले होते, पोच मिळाली. माझ्या पत्नीला आठवड्यातून फिजिओथेरपीला जावे लागते, रस्त्यापलीकडेच आहे, पण आम्ही रिक्षा करून यू-टर्न घेऊन जातो.

— वाकड, हिंजवडी फेज २

काकांचं जाळीचं वाचून थांबलेच, आमच्या ऑफिसच्या रस्त्यावर अगदी हेच होतं, पत्रा संपतो आणि माणूस अचानक गाडीसमोर. आमच्याकडे हायब्रिड आहे, आठवड्यातले काही दिवस ऑफिस, आणि गंमत नाही खरंच सांगते मी त्या दिवसांची आदल्या रात्रीपासून धास्ती घेते. भूमकर चौक, वाकडचा पूल, शिवाजी चौक, या तिघांपैकी एक अडलं की तिन्ही अडतं. लोक मेट्रोलाच नावं ठेवतात पण इथे रस्ते आधीपासूनच अपुरे होते, आत जायला बाहेर पडायला मोजक्याच वाटा, गाव ग्रामपंचायतीत, आयटी पार्क वेगळ्या यंत्रणेकडे, मेट्रो तिसरीकडे, आणि खड्डा कुणाचा विचारलं की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. जून २०२५ च्या पावसात रस्त्यावर गुडघाभर पाणी वाहत होतं, कारण ओढे नाले बुजलेले, त्यात कामाचा राडारोडा. मी बसमध्ये होते आणि बस पुढे जाईना म्हणून आम्ही काहीजणी उतरलो तर खाली रस्ता कुठला आणि गटार कुठलं तेच कळेना. एकीचा पाय खोल गेला, नशीब आम्ही हात धरून चालत होतो.

जुलैमध्ये मेट्रोची ट्रायल रन झाली तेव्हा आमच्या मजल्यावरची सगळी माणसं खिडकीपाशी होती. मला डोळ्यात पाणी आलं. इतकी वाट बघतोय आम्ही.

— बस कंडक्टर

थोडक्यात लिहितो, ड्युटी आहे. गाडी अडकली की पुढची फेरी रद्द होते. ज्या बाई पुढच्या स्टॉपवर तासभर उभ्या असतात त्यांना गाडी का आली नाही ते कुणी सांगत नाही आणि मग तीन गाड्या एकामागे एक येतात, पहिली खच्चून भरलेली, तिसरी रिकामी. शिव्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरला. विद्यापीठ ते बाणेर फाटा गर्दीच्या वेळेत फक्त बससाठी एक लेन सोडली असती तर एका बसमध्ये साठ सत्तर माणसं जातात, विचार करा. आणि कामासाठी स्टॉप पुढेमागे हलवले तर जुन्या स्टॉपवर लिहून ठेवावं की स्टॉप कुठे गेला. म्हातारी माणसं जुन्या जागीच उभी असतात, हात करतात, मला गाडी थांबवता येत नाही.

— स्थापत्य, मेट्रोच्या साइटवर काम केलेला

कुठल्या मार्गावर ते सांगत नाही, पण पत्रे का निघत नाहीत हे दुकानवाल्या काकूंसाठी लिहितो. बाहेरून दिसतो तो खांब, वेळ जातो तो जमिनीखाली. पाया खणायच्या आधी तिथली पाण्याची लाइन, ड्रेनेज, विजेच्या आणि फोनच्या केबल हलवाव्या लागतात, आणि पुण्यात नकाशावर लाइन एकीकडे आणि खोदल्यावर दुसरीकडे हे इतकं कॉमन आहे की आम्ही आधी हाताने चर खणून बघायचो. जुनी जलवाहिनी लागली की काम थांबलं, ती ज्यांची त्यांची परवानगी, मग पाणी बंद ठेवायचा दिवस, तो सणात मिळत नाही, परीक्षांच्या वेळी मिळत नाही. सेगमेंट यार्डातून ट्रेलरवर येतात ते रात्रीच, वाहतूक पोलीस देतात ते मोजकेच तास, त्यात ट्रेलर अडकला तर ती रात्र वाया. आणि वर सेगमेंट चढले म्हणजे खालचं संपलं असं नसतं, स्टेशनचे जिने, लिफ्टचे खड्डे, पावसाचं पाणी खाली आणणारे पाइप, हे सगळं नंतर. पण काकू, तुमचा मुद्दा तरी बरोबरच आहे. दोन कामांच्या मधे जागा रिकामी असते तेव्हा पत्रे काढून परत लावायला खर्च येतो आणि तो कुणालाच नको असतो. कंत्राटात रस्ता अडवल्याचं भाडं दिवसावर लावलं तर पत्रे आपोआप निघतील, असं मला काम करताना सारखं वाटायचं. तो मुलगा करायचा तसं आदल्या दिवशी सांगायला तर एक रुपया लागत नाही.

— कोथरूड

आम्ही कर्वे रोडवाले यातून आधी गेलोय. ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे सुरू झाली तेव्हा फक्त पाचेक किलोमीटर होती, लोक मुलांना घेऊन फिरायला यायचे आणि उतरून घरी जायचे. १ ऑगस्ट २०२३ ला सिव्हिल कोर्ट आणि रुबी हॉलपर्यंत गेली तेव्हा पहिल्यांदा मला ऑफिसला उपयोग झाला, आणि त्यानंतर मी दुचाकी जवळपास सोडलीच आहे. तेव्हा धीर धरा, हे मनापासून सांगतो. पण अर्धवट मार्ग उघडून रस्त्यावरची गर्दी कमी होत नाही. माझी बहीण येरवड्याला राहते, ६ मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत गाडी गेली पण येरवडा स्टेशन उघडलं ऑगस्टमध्ये, तोवर गाडी तिच्या डोळ्यासमोरून न थांबता जायची आणि ती खाली नगर रोडवर सिग्नलला. तुमच्याकडे स्टेशनं सुरू होतील तेव्हा जिने, फुटपाथ आणि स्टेशनला जोडणाऱ्या फीडर बस आधी बघा, नाहीतर लोक स्टेशनखालीच रिक्षा आणि गाड्या लावतील आणि तिथे नवी कोंडी.

— सिडनी (मूळची चिंचवडची)

इथे जॉर्ज स्ट्रीटवर ट्राम टाकली तेव्हा माझं ऑफिस त्याच रस्त्यावर होतं. ऑक्टोबर २०१५ ला खोदायला सुरुवात केली आणि ट्राम धावली १४ डिसेंबर २०१९ ला, दुसरी शाखा एप्रिल २०२० मध्ये. इंजिनिअर दादांनी लिहिलंय तेच इथेही, जमिनीखाली नकाशात नसलेल्या केबल आणि चेंबर निघाले, मुदत हुकली, खर्च प्रचंड वाढला, कोर्टकचेऱ्या झाल्या, छोटी दुकानं बंद पडली. म्हणजे परदेशात सगळं वेळेत होतं असं अजिबात नाही. फरक मला जाणवला तो चालणाऱ्यांच्या बाबतीत. सगळा रस्ता उकरलेला असतानाही माझी वाट कधी तुटली नाही, तात्पुरती का होईना पण सपाट, कठडा लावलेली, बाबागाडी जाईल एवढी रुंद. मी तेव्हा गरोदर होते म्हणून हे नीट लक्षात आहे. आणि आता त्या रस्त्याच्या मोठ्या भागातून गाड्याच काढून टाकल्यात. आई-बाबा आले की त्यांना तिथे चालायला फार आवडतं, चिंचवडला गेले की बाबा रस्त्यावर पायी बाहेर पडायला घाबरतात.

— पाषाण

मी आईच्या वतीने लिहितेय, ती बाणेरला तीन घरी पोळ्या करते आणि चालत जाते. उशीर झाला की एका घरी पैसे कापतात, ट्रॅफिक होता हे चालणाऱ्या बाईने सांगितलं तर त्यांना पटत नाही, पण फुटपाथ खणलाय म्हणून ती रस्त्याच्या कडेने चालते आणि दुचाक्या पण कोंडीतून सुटायला त्याच कडेने येतात, मग तिला थांबून थांबून जावं लागतं. मागच्या पावसाळ्यात एका गाडीचा आरसा लागून दंड सुजला होता, गाडीवाला थांबला नाही. आई म्हणते मेट्रोचं तिकीट परवडलं तर बसेन, तिला उद्घाटन बघायला पण जायचंय. आणि हे नक्की लिही म्हणाली, की चौकात वाहतूक वॉर्डन येतात ते ऑफिसच्या गर्दीला, सकाळी साडेसहा सातला कुणी नसतं, आणि कामाच्या बायका सगळ्यात जास्त त्याच वेळी चालत असतात.