मदत हवी आहे: डुकराच्या हार्टमधल्या पेशी कॅल्शियम दिलं की गोल होतायत

मंडळी, डुकराच्या किंवा मेंढीच्या हार्टमधून कार्डिओमायोसाइट (हार्टच्या स्नायूपेशी) काढलेलं कोणी आहे का इथे? उंदरात माझा हात बसलाय, अख्खं हार्ट लँगेनडॉर्फवर (हार्टच्या रक्तवाहिन्यांतून द्रावण सोडणाऱ्या सेटअपवर) लटकवायचं, महाधमनीत कॅन्युला (बारीक नळी), झालं. पण डुकराचं हार्ट पाव किलोच्या वर, त्याला लागणाऱ्या कोलॅजिनेजचा (पेशी सुट्या करायला कोलॅजन तोडणाऱ्या एन्झाइमचा) हिशोब ऐकून सर नुसते हसले, म्हणून मी लेफ्ट व्हेंट्रिकलचा (डाव्या खालच्या कप्प्याचा) एकच तुकडा घेते, त्यातल्या एलएडीत (हार्टच्या पुढच्या बाजूच्या धमनीत) कॅन्युला घालते आणि कापलेल्या कडेला गळणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधत बसते (कंबर मोडते राव).

मग ३७ डिग्रीवर आधी बिनकॅल्शियमचं टायरोड (क्षारांचं द्रावण), नंतर कोलॅजिनेज टाइप २ आणि चिमूटभर प्रोटीएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम). तुकडा मऊ पडतो, चिमट्याने धरला की तंतू सुटतात, मायक्रोस्कोपखाली काठीसारख्या लांब पेशी, आडवे पट्टे एकदम स्पष्ट, जीव हरखतो! पण कॅल्शियम परत वाढवत १.८ मिलीमोलरला नेईपर्यंत निम्म्याहून जास्त पेशी आखडून गोल गोळ्या.

तुम्ही कॅल्शियम किती टप्प्यांत वाढवता, दोन टप्प्यांच्या मध्ये किती मिनिटं थांबता? बीडीएम (आकुंचन रोखणारं रसायन) घातलं तर आखडणं थांबतं, पण मला नंतर आकुंचनच मोजायचंय, मग ते कधी धुऊन काढू? हार्ट बर्फातल्या कार्डिओप्लेजियात (हार्ट थांबवून जपणाऱ्या द्रावणात) येतं तरी लॅबला पोचायला ४० मिनिटं जातात, घोळ तिथेच असेल का? की कॅन्युलाचा नाद सोडून व्हायब्रेटोमवर (थरथरत्या पात्याने पातळ काप करणाऱ्या यंत्रावर) ३०० मायक्रॉनचे स्लाइस कापून त्यांनाच एन्झाइम देऊ? कोलॅजिनेजचा लॉट बदलला की वेळ नव्याने बसवावी लागते ते माहितीये, तो आधीच तपासलाय. शुक्रवारी पुढचं हार्ट येतंय.