वैऱ्यावर प्रीती करायची, तर तक्रार मागे घ्यावी का?

प्रश्न
सलाम. भिंतीच्या वादातून शेजाऱ्याने रात्री आमच्या नळाचा पाइप कापला. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येते. ती पाळी हुकली आणि घरात तान्हे मूल असताना टँकरसाठी धावाधाव करावी लागली. मी पोलिसांत तक्रार दिली. रविवारी उपासनेत बायबलमधील मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला गेला (उजव्या गालावर मारणाऱ्यापुढे दुसराही गाल करा, वैऱ्यांवर प्रीती करा) आणि तेव्हापासून मन खाते आहे. तक्रार मागे घेणे हेच आज्ञापालन आहे का? मनात प्रीती मुळीच येत नाही.

उत्तर १
वचनात ‘उजवा’ गाल आहे. उजव्या हाताने तिथे मारायचे तर पालथा हात लागतो; असा फटका अपमानासाठी असे, असे अनेक अभ्यासक मानतात. दुसरा गाल पुढे करणारा उलट मारत नाही, पण पळतही नाही. योहान 18:23 पाहावे : महायाजकापुढे चापट बसल्यावर येशूने, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे सरळ विचारले. तक्रारीत घडले तेवढेच लिहिले असेल, तर ती राहू द्यावी.

उत्तर २
दादा, प्रीती मनात येण्याची वाट पाहू नका. निर्गमाच्या 23व्या अध्यायात वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसले तर हात लावायला सांगितले आहे. आधी माया वाटली पाहिजे, अशी अट तिथे नाही. प्रेषित पौलही रोमकरांस पत्रात, वैरी तान्हेला असल्यास त्याला पाणी द्या, असेच लिहितो. तुमचे भांडण तर पाण्याचेच आहे.

उत्तर ३
वरील दोन्ही उत्तरांना जोडून एक गोष्ट. सुमारे 412 साली आफ्रिकेत एका धर्मसेवकाचा खून झाला, दुसऱ्याचा डोळा फोडला आणि बोट तोडले गेले. गुन्हेगारांनी कबुली दिली होती, तरी तिथले बिशप ऑगस्टीन यांनी रोमन अधिकारी मार्सेलिनसला पत्र लिहून, त्यांना आवर घाला पण डोळ्याबद्दल डोळा घेऊ नका, अशी विनवणी केली. आपण काय मागतो, हेही तपासावे.

प्रश्नकर्ता
तक्रार ठेवली आहे. पाइपचा खर्च मिळावा, एवढीच मागणी आज लिहून दिली. काल पाणी आले तेव्हा त्यांची मोटर बंद पडली होती, म्हणून भिंतीवरून आमची नळी सोडली. त्यांच्या आईने पलीकडून घागर धरली. तो स्वतः बाहेर आला नाही.