पेशीभित्तिका आणि पेशीपटल: दोन्हीला 'आवरण' म्हटलं तर चालतं का?

मुलगी आठवीत आहे, तिने वहीत दोन्हीला 'पेशीचं आवरण' लिहिलं आणि बाईंनी मार्क कापले. मला तर दोन्ही शब्द सारखेच वाटतात, फरक कसा समजावू?

—

नाही हो ताई, बाईंचं बरोबर आहे. भित्तिका म्हणजे भिंतच, भित्तिचित्र भित्तिपत्रकातली. वनस्पतीत ती सगळ्यात बाहेर असते, मुख्यतः सेल्युलोजची, ताठ. पटल तिच्या आतलं, एकदम पातळ, मेद आणि प्रथिनांचं, आणि ते प्रत्येक पेशीला असतंच. आपल्या पेशींना भित्तिका नसते, फक्त पटल असतं, मग दोन्हीला आवरण म्हटलं की हा फरकच पुसला जातो ना.

—

सहमत, पण भिंत म्हटलं की काही आतबाहेर जात नाही असं मुलांना वाटतं आणि तिथेच गडबड होते. पाणी, मीठ भित्तिकेतून आरामात जातं, काय आत घ्यायचं काय नाही हे पटल ठरवतं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की पाणी सुटतं बघा, तेव्हा पेशीतलं पाणी बाहेर पडून पटल आक्रसतं आणि भित्तिकेपासून सुटतं, भित्तिका मात्र जागेवरच राहते. मुलीला हेच करून दाखवा, पाठांतराची गरजच नाही.

—

अजून एक, हिंदी पुस्तकं वापरत असाल तर तिथे पेशी म्हणजे स्नायू, सेलला ते कोशिका म्हणतात. आपल्या मराठी विश्वकोशातही कोशिका सापडेल, त्यामुळे कोशिकाभित्ती दिसलं तर घाबरू नका, तीच ती.

—

थँक्यू सगळ्यांना! म्हणजे भित्तिका फक्त झाडांनाच असते असं लिहू दे ना तिला?

—

नको नको! अळंबी, बुरशी यांनाही असते पण ती कायटिनची, खेकड्याच्या कवचात असतं तेच. बॅक्टेरियाची पेप्टिडोग्लायकनची, आणि पेनिसिलिन नेमकं तिचंच बांधकाम बिघडवतं, आपल्या पेशींना भित्तिकाच नाही म्हणून ते आपल्या पेशी फोडत नाही. मायकोप्लाझ्मा नावाच्या बॅक्टेरियांना मात्र भित्तिका नसते, त्यांच्यावर पेनिसिलिन चालतच नाही. आणि 1665 साली रॉबर्ट हुकने बुचाच्या कापात पाहून ज्यांना सेल नाव दिलं ना, त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भित्तिकाच होत्या, आत पटल वगैरे काही शिल्लक नव्हतं, हे तिला नक्की सांगा.