‘द कोल्बीज’ : वेळ चुकली होती की गोष्टच कमी पडली?

निशिगंध

अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर २० नोव्हेंबर १९८५ रोजी ‘द कोल्बीज’ ही मालिका सुरू झाली आणि ४९ भागांनंतर, २६ मार्च १९८७ रोजी, ती बंद झाली. डेन्व्हरच्या कॅरिंग्टन या तेलसम्राट घराण्याची कथा सांगणाऱ्या ‘डायनॅस्टी’मधून तिचा जन्म झाला होता. त्यामुळे आज तिचा विषय निघतो तो एका गाजलेल्या मालिकेची फसलेली नक्कल म्हणून, किंवा शेवटच्या भागात कॅरिंग्टन घराण्यातील फॅलनला वाळवंटात परग्रहावरचे यान उचलून नेते एवढ्या एकाच प्रसंगापुरता. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. माझ्या मते वाहिनीने या मालिकेला ज्या वेळी उभे केले, त्या वेळी कोणतीही कौटुंबिक मालिका टिकली नसती.

पहिला भाग ‘डायनॅस्टी’च्या बुधवारी दाखवला गेला, पण लगेच मालिका गुरुवारी रात्री नऊच्या वेळेवर गेली. त्या काळी अमेरिकेतील गुरुवारची रात्र एनबीसी वाहिनीची होती. आठ वाजता ‘द कॉस्बी शो’, साडेआठला ‘फॅमिली टाइज’, नऊला ‘चीअर्स’ आणि साडेनऊला ‘नाइट कोर्ट’ असा तो क्रम होता. १९८५-८६ च्या वार्षिक क्रमवारीत हे चार कार्यक्रम अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या आणि अकराव्या स्थानी होते. पुढच्या वर्षी ‘चीअर्स’ तिसऱ्या आणि ‘नाइट कोर्ट’ सातव्या स्थानावर पोहोचले. ज्या घरात आठ वाजता एनबीसी लागले, त्या घरात दहापर्यंत वाहिनी बदलण्याचे काही कारण उरत नव्हते. उलट एबीसीने दुसऱ्या वर्षी ‘द कोल्बीज’च्या आधीचा तास ‘अवर वर्ल्ड’ या गतकाळातील घटनांची उजळणी करणाऱ्या वृत्तकार्यक्रमाला दिला, ज्याला फारच थोडे प्रेक्षक होते. म्हणजे समोर सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी आणि मागून येणारा प्रेक्षक जवळजवळ शून्य, अशा स्थितीत ही मालिका दोन वर्षे चालली.

आता प्रश्न मालिकेच्या गुणवत्तेचा. चार्लटन हेस्टन यांच्यासारखा ऑस्करविजेता नट घराण्याच्या प्रमुखाच्या, जेसन कोल्बीच्या, भूमिकेत होता. त्याची बहीण कॉन्स्टन्स ही बार्बरा स्टॅनविक यांनी केली, ज्यांनी त्याआधी १९६५ ते १९६९ या काळात ‘द बिग व्हॅली’मध्ये एका श्रीमंत कुटुंबाची सूत्रे सांभाळणारी आई रंगवली होती. (त्या मालिकेतील त्यांच्या मुलीचे काम करणाऱ्या लिंडा इव्हान्स पुढे ‘डायनॅस्टी’तील क्रिस्टल झाल्या, हा योगायोग मला फार आवडतो.) पण मालिकेचा खरा प्राण होती जेसनची बायको, स्टेफनी बीचम यांची सेबल. तिला ‘डायनॅस्टी’ची खलनायिका ॲलेक्सिस हिची प्रतिकृती म्हणणाऱ्यांनी दोघींची स्थिती नीट पाहिलेली नाही. ॲलेक्सिस ही घराबाहेर घालवलेली आणि सूड घेण्यासाठी परतलेली स्त्री आहे, त्यामुळे तिच्याजवळ गमावण्यासारखे काही उरलेले नसते. सेबल घरातच आहे. तिने संसार उभा केला आहे, तीन मुले वाढवली आहेत, आणि इतक्या वर्षांनंतर आपल्या नवऱ्याचे मन आपल्याच बहिणीवर, फ्रान्चेस्कावर, जडलेले होते आणि आजही आहे, हे तिला उमगते. तिची प्रत्येक कारवाई, प्रत्येक खोटे या भीतीतून येते. श्रीमंतांच्या मालिकांमध्ये इतकी मानवी खलनायिका मला दुसरी दिसत नाही.

तिऱ्हाईत

निशिगंध यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. घसरण प्रसारणाच्या वेळेमुळे झाली असती, तर तिची झळ फक्त गुरुवारच्या मालिकेला लागायला हवी होती. प्रत्यक्षात १९८४-८५ मध्ये क्रमवारीत पहिली असलेली ‘डायनॅस्टी’ १९८५-८६ मध्ये सातव्या आणि १९८६-८७ मध्ये चोविसाव्या स्थानावर उतरली. तिच्यासमोर गुरुवारची ती फळी नव्हती, ती आपल्या ठरलेल्या बुधवारीच दिसत होती. एकाच घरातील दोन्ही मालिका एकाच वेळी उतरणीला लागतात तेव्हा दोष घरातच शोधावा लागतो.

निर्मितीची बाजू पाहा. दोन्ही मालिकांमागे शपायरो दांपत्य, पोलॉक दांपत्य आणि ॲरन स्पेलिंग हीच मंडळी होती. दोन्हींची वेशभूषा नोलन मिलर यांचीच होती. मे १९८५ मध्ये मोल्डाव्हियातील लग्नात झालेल्या गोळीबाराने ‘डायनॅस्टी’चे वर्ष संपले होते. त्या प्रसंगाची गाठ सोडवणे हे एकच काम लेखकांना पुरले असते. नेमक्या त्याच मोसमात त्यांनी दुसऱ्या घराण्याचा संसार थाटला आणि त्यासाठी जेफ आणि फॅलन ही मूळ मालिकेतील लोकप्रिय जोडी लॉस एंजेलिसला नेली. नुकसान दोन्हीकडे झाले.

परंतु माझा मुख्य आक्षेप कथेच्या रचनेवर आहे. ‘डायनॅस्टी’च्या आरंभी क्रिस्टल होती, जी मालकाशी लग्न करणारी त्याची माजी सचिव होती आणि त्या प्रासादात बिचकत पाऊल टाकत होती. मॅथ्यू ब्लेझडेल हा भूगर्भशास्त्रज्ञ होता, ज्याचे सारे भवितव्य एका विहिरीला तेल लागण्यावर अवलंबून होते. या दोघांच्या नजरेतून प्रेक्षकाला त्या श्रीमंतीची उंची कळत असे. ‘द कोल्बीज’मध्ये असा खालून वर पाहणारा कोणीच नाही. तेथे सगळे अब्जाधीश आहेत, सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत आणि भांडण होते ते अर्धी कंपनी कोणाच्या नावावर असावी यावरून. भांडण हरलेला माणूसही त्याच वाड्यात, त्याच थाटात राहतो. मग प्रेक्षकाने जीव कशासाठी टांगणीला लावायचा?

आणि नात्यांचा गुंता पाहा. स्मृती गमावलेली फॅलन रँडल हे नाव घेऊन वावरते आणि जेसन-सेबलच्या मुलाशी, माइल्स कोल्बीशी, लग्न करते. तिचा पूर्वीचा नवरा जेफ हा माइल्सचा चुलतभाऊ असतो. पुढे कळते की जेफ हा जेसन आणि फ्रान्चेस्का यांचाच मुलगा आहे, म्हणजे तो माइल्सचा सावत्र भाऊ ठरतो. दरम्यान फ्रान्चेस्काचा मृत समजलेला पहिला नवरा फिलिप वेगळ्या नावाने परत येतो. बाहेरचे जगच नसल्यामुळे प्रत्येक नवे वळण त्याच पाच-सहा माणसांतून काढावे लागत होते. परग्रहवासीयांचे यान हा त्या कोंडीचाच शेवट आहे, कारण पृथ्वीवर नवे पात्र आणण्यासाठी जागाच उरली नव्हती.

उत्तररात्र

कॉन्स्टन्सविषयी थोडेसे. स्टॅनविक पहिल्या वर्षानंतर मालिकेतून बाहेर पडल्या, ही बाब दोन्ही बाजूंनी दुर्लक्षित केली आहे. आपला वाटा जेफला देऊन भावाला आव्हान देणारी ती वृद्ध स्त्री हीच जेसनला बरोबरीने उत्तर देऊ शकणारी एकमेव व्यक्ती होती. ती गेल्यावर जेसनच्या अधिकाराला घरात विरोध करणारे कोणी उरले नाही आणि हेस्टन यांना गंभीर चेहऱ्याने निर्णय सुनावण्यापलीकडे काम राहिले नाही. दुसरे वर्ष पहिल्यापेक्षा उणे वाटते ते मला या कारणामुळे.

निशिगंध

तिऱ्हाईत यांचा पहिला मुद्दा वजनदार आहे आणि त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. ‘डायनॅस्टी’ची घसरण खरी आहे. परंतु ती त्याच दोन वर्षांत झाली म्हणून तिचे कारणही ‘द कोल्बीज’च, हे सिद्ध होत नाही. १९८५-८६ हे वर्ष श्रीमंत घराण्यांच्या मालिकांच्या संपूर्ण प्रकाराला जड गेले. ‘डॅलस’ या तशाच मालिकेनेही त्या वर्षी पकड गमावली, इतकी की पुढच्या सप्टेंबरमध्ये ते अख्खे वर्ष पॅम या पात्राचे स्वप्न होते असे सांगून पुसून टाकावे लागले. प्रेक्षकाचा ओढा विनोदी मालिकांकडे वळत होता आणि त्या प्रवाहाच्या ऐन मध्यभागी, ‘चीअर्स’च्या समोर, या नवख्या मालिकेला नेऊन बसवले होते.

सामान्य माणसाच्या नजरेचा मुद्दा ऐकायला पटतो, पण ‘डायनॅस्टी’चाच इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. क्रिस्टलचे बिचकणे पहिल्या वर्षापुरते होते. ॲलेक्सिस दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९८१ च्या अखेरीस आली, मॅथ्यूला त्याच सुमारास कथेतून बाजूला केले गेले आणि मालिका त्यानंतर चढत गेली. १९८२-८३ मध्ये ती पाचवी होती आणि १९८४-८५ मध्ये पहिली. त्या शिखरावर असताना तिच्यात सचिव नव्हती की कष्टाने तेल शोधणारा भूगर्भशास्त्रज्ञ नव्हता. होती ती फक्त श्रीमंतांची श्रीमंतांशी लढाई, आणि प्रेक्षकांना तीच हवी होती. मग तीच गोष्ट लॉस एंजेलिसमध्ये अचानक दोष कशी ठरते?

पडद्यामागे

दोन्ही बाजू ‘डायनॅस्टी’शीच तुलना करत आहेत. मला ‘नॉट्स लँडिंग’ आठवते, जी ‘डॅलस’मधून निघाली, डिसेंबर १९७९ मध्ये सुरू झाली आणि मे १९९३ पर्यंत ३४४ भाग चालली. तिने श्रीमंत घराण्यातील गॅरी युइंगला उचलले, पण त्याला कॅलिफोर्नियातील एका मध्यमवर्गीय गल्लीत नेऊन ठेवले, जेथे शेजाऱ्यांना हप्ते, नोकऱ्या आणि मुलांच्या शाळांची चिंता होती. मूळ मालिकेहून वेगळे जग दिल्यामुळे ती जगली. शिवाय तीही गुरुवारीच, ‘द कोल्बीज’च्या लगेच पुढच्या तासात, सीबीएस वाहिनीवर दिसत होती. गुरुवार सर्वांसाठीच जीवघेणा होता असे त्यामुळे म्हणता येत नाही.

निशिगंध

दहाचा तास आणि नऊचा तास यांत फार मोठे अंतर होते. एनबीसीच्या विनोदी मालिका दहाला संपत. त्यानंतर हसण्यासाठी बसलेला प्रेक्षक मोकळा होत असे आणि ‘नॉट्स लँडिंग’ला तो मिळू शकत असे. दुसरे असे की ‘नॉट्स लँडिंग’ला ‘डॅलस’ची शाखा म्हणणे अर्धेच खरे आहे. दोन्ही मालिकांचे जनक डेव्हिड जेकब्स यांना आधी सुचली होती ती मध्यमवर्गीय जोडप्यांचीच कथा. सीबीएसला अधिक झगमगाटाचे काही हवे होते म्हणून ‘डॅलस’ आधी आली, आणि तिच्या यशानंतर मूळ कल्पनेला जागा मिळाली. वाहिनीने त्या कल्पनेला रुजण्यासाठी अनेक वर्षे दिली. ‘द कोल्बीज’ला दोन वर्षे मिळाली.

तिच्या बाजूने मी शेवटचा पुरावा देतो. १९८८ मध्ये डेव्हिड पॉलसन यांनी ‘डायनॅस्टी’च्या नवव्या वर्षाची सूत्रे घेतली, तेव्हा मालिकेत नवे प्राण फुंकण्यासाठी त्यांनी सेबलला आणि तिच्या मुलीला, मोनिकाला, डेन्व्हरला आणले. नात्याने बहीण लागणाऱ्या ॲलेक्सिसशी सेबलचा जो सामना त्या वर्षी रंगला, तो अनेक चाहत्यांना मालिकेच्या उत्तम काळाची आठवण करून देणारा वाटतो. जी मालिका टाकाऊ होती तिचेच पात्र मूळ मालिकेला तारण्यासाठी का बोलवावे लागले?

तिऱ्हाईत

हाच पुरावा मी माझ्या बाजूने मांडीन. सेबल मोनिकाला घेऊन आली, कोल्बी घराणे आले नाही. जेसन, फ्रान्चेस्का, माइल्स, बेल एअरचा प्रासाद, अर्ध्या कंपनीचा वाद, हे सारे मागे राहिले आणि ती स्त्री लगेच उजळून निघाली. याचे कारण तिच्यासमोर आता तोलामोलाची शत्रू होती. कोल्बींच्या घरात तिला लढायचे होते ते फ्रान्चेस्काशी, जी स्वभावाने मवाळ आहे, आपल्या प्रेमाबद्दल अपराधी आहे आणि बहुतेक प्रसंगांत प्रतिकार न करता निघून जाते. अशा व्यक्तीवर केलेला वार प्रेक्षकाला निर्दयी वाटतो, तर ॲलेक्सिसवर केलेला वार थरारक वाटतो. बीचम यांच्या अभिनयाबद्दल आपल्यात मतभेद नाहीच. पण पात्र चांगले आणि मालिका चांगली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेबलसाठी तुल्यबळ प्रतिस्पर्धी लिहिणे हे लेखकांचे पहिले काम होते आणि ४९ भागांत त्यांनी ते केले नाही.

उत्तररात्र

येथे झॅक पॉवर्सचे नाव घ्यायला हवे. रिकार्डो मोंताल्बान यांनी साकारलेला हा जहाजमालक जेसनचा जुना वैरी होता आणि सेबलवर त्याचा डोळा होता. तो सेबलचा प्रतिस्पर्धी नव्हता, परंतु तिच्या एकटेपणाची किंमत ओळखणारा तो एकमेव पुरुष होता, आणि दोघांच्या प्रसंगांत संवाद जितके टोकदार आहेत तितके जेसनबरोबरच्या प्रसंगांत नाहीत. लेखकांनी हे नाते मध्यभागी आणले असते, तर फ्रान्चेस्काच्या मवाळपणाचा भार सेबलच्या कथेवर पडला नसता.

निशिगंध

झॅकविषयी पूर्ण सहमत. फ्रान्चेस्काविषयी तिऱ्हाईत म्हणतात ते मला मान्य करता येत नाही. ती मवाळ आहे म्हणूनच सेबलची अवस्था बिकट होते. समोर ॲलेक्सिससारखी शत्रू असती तर सेबलला स्वतःला निर्दोष समजता आले असते. सख्ख्या बहिणीचा, तीही वाईट नसलेल्या बहिणीचा, द्वेष करताना तिला ती सोय मिळत नाही. डेन्व्हरमधील सामना अधिक रंजक होता हे मी नाकारत नाही. पण त्या सामन्यात सेबल जिंकली किंवा हरली तरी तिचे घर मोडणार नव्हते, आणि लॉस एंजेलिसमध्ये तिचे घर तिच्या डोळ्यांदेखत मोडत होते. मला त्या ४९ भागांबद्दल आदर वाटतो तो याच कारणासाठी, आणि नऊ वाजता ‘चीअर्स’ पाहणाऱ्या लाखो प्रेक्षकांना ते पाहण्याची संधीच मिळाली नाही, हे माझे म्हणणे मी कायम ठेवतो.